खवट शेंगदाणे, फेसाळणारा बटाटा आणि एन्झाइमांची नक्कल

मावसबहिणीचा फोन आला. पुतणीचं लग्न तोंडावर आलंय आणि पार्लरवालीने सुचवलंय की ग्लुटाथायोनची सलाईन लावून घ्या, आठ-दहा बैठकांत चेहरा उजळतो. "ताई, ती म्हणते अँटिऑक्सिडंटच आहे, झाला तर फायदाच. खरं का गं?"

या "झाला तर फायदाच"वर जगभर केवढा तरी धंदा उभा आहे. चहाच्या पुड्यावर अँटिऑक्सिडंट, फेसवॉशवर अँटिऑक्सिडंट, बिस्किटाच्या पाकिटावरसुद्धा. दुसरीकडे संशोधक गेली काही दशकं एका वेगळ्याच वाटेने निघाले आहेत. आपल्या शरीरात याच कामाची एन्झाइमं असतात, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली विकरं. त्यांची छोटी नक्कल प्रयोगशाळेत बनवायची आणि औषध म्हणून द्यायची, असा तो प्रयत्न. शब्द तोच, अँटिऑक्सिडंट. पण पाकिटावरचा आणि हा यांत एवढं अंतर आहे की बहिणीला फोनवर दोन वाक्यांत सांगता येईना.

डब्यातले दाणे खवट होतात तेव्हा

मे महिन्यात मागच्या वर्षीच्या शेंगदाण्यांचा डबा उघडला की जो वास येतो, तिथूनच सुरुवात करू. दाण्यातल्या तेलाला हवेतला ऑक्सिजन लागलेला असतो. रेणूंमधले इलेक्ट्रॉन एरवी जोडीने राहतात. एखाद्याची जोडी तुटली की तो रेणू शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. अशा हावऱ्या रेणूला फ्री रॅडिकल म्हणतात, आणि त्याला आवरणाऱ्या पदार्थाला अँटिऑक्सिडंट. ज्याचं लुटलं तो आता स्वतःच हावरा झाला, तो पुढच्याला लुटतो. साखळी लागते. नवं तेल आणलं की जुन्या तेलाच्या बरणीत तसंच ओतायचं नाही, बरणी आधी घासून घ्यायची, असं आजी बजावायची त्याचं कारण हेच. तळाशी राहिलेलं खवट तेल नव्या तेलातही ती साखळी लवकर सुरू करून देतं.

आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण चरबीचंच असतं, आणि तीही खवट होऊ शकते. जैवरसायनाच्या पुस्तकात या प्रकाराला भलंमोठं नाव आहे, पण मराठीत "खवट"इतका नेमका शब्द असताना ते कशाला हवं? लुटालूट नुसती चरबीपुरती राहत नाही. प्रथिनं आणि डीएनएसुद्धा तिच्या तावडीत सापडतात.

(अँटिऑक्सिडंटच्या जाहिरातीत कापून काळं पडलेलं सफरचंद हमखास दाखवतात. ते उदाहरण फसवं आहे. सफरचंद काळं पडतं ते त्याच्या स्वतःच्याच एका एन्झाइममुळे.)

शरीरात हे हावरे रेणू येतात कुठून? बरेचसे आपल्या श्वासातूनच. पेशीतल्या मायटोकाँड्रियात, शाळेच्या भाषेत तंतुकणिकेत, अन्न ऑक्सिजनच्या मदतीने जाळलं जातं. त्या गडबडीत थोडे इलेक्ट्रॉन वाटेतच गळतात आणि ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून तयार होतो सुपरऑक्साइड. तंबाखूचा धूर, किरणोत्सर्ग, जुनी सूज यांनी हा माल आणखी वाढतो. तो निस्तरण्याची शरीराची व्यवस्था कमी पडू लागली की त्या अवस्थेला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. १९५४ मध्ये रेबेका गेर्शमन यांनी मांडलं की जास्त ऑक्सिजनने होणारी इजा आणि क्ष-किरणांची इजा एकाच वाटेने होते. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी म्हातारपणही यातूनच येतं असा सिद्धांत मांडला. बाजारातल्या अर्ध्याअधिक जाहिराती आजही हार्मन यांच्या त्या सिद्धांतावर जगतात. संशोधक मात्र तिथून बरेच पुढे आले आहेत.

बटाट्यावर फेस

केमिस्टकडे तपकिरी बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. जखम धुताना फेस येतो ते. कच्च्या बटाट्याची एक फोड घ्या, एक उकडलेली घ्या आणि दोन्हींवर चार-चार थेंब टाका. आमच्या ओट्यावर भाच्याबरोबर हा प्रयोग केला. कच्च्या फोडीवर लगेच पांढरा फेस धरला, साबणासारखा, आणि कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू येत होती. उकडलेली फोड ओली झाली, एवढंच. भाच्याने पुन्हा थेंब टाकून पाहिले, तरी ती ढिम्म.

कच्च्या बटाट्यात कॅटलेज नावाचं एन्झाइम शाबूत होतं. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. फेस त्या ऑक्सिजनचाच. एन्झाइम म्हणजे ठरावीक घडीत दुमडलेलं प्रथिन. उकडल्यावर घडी मोडते आणि काम थांबतं. कॅटलेजचा वेग तर अचाट. त्याचा एक रेणू सेकंदाला लाखोंनी पेरॉक्साइडचे रेणू फोडतो.

आता या साखळीत थोडं मागे जाऊ. सुपरऑक्साइड पकडायला शरीरात दुसरं एन्झाइम आहे, सुपरऑक्साइड डिसम्युटेज. पुढे त्याला नुसतं एसओडी म्हणू. गंमत अशी की हे प्रथिन १९३८ मध्येच केंब्रिजला बैलाच्या रक्तातून वेगळं काढलं होतं. निळसर, तांबं असलेलं, पण करतं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तीस वर्षं ते नुसतंच एक नाव घेऊन पडून राहिलं. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी दाखवलं की ते सुपरऑक्साइडची वासलात लावतं. सुपरऑक्साइड आपापलाही विझतो, पण एसओडी ते काम हजारो पटींनी वेगाने उरकतं. रेणू एकमेकांवर आदळतील तेवढीच काय ती वाट पाहायची.

तिसरं एन्झाइम ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. हे १९५७ मध्ये सापडलं आणि त्याच्या गाभ्यात सेलेनियम आहे हे १९७३ मध्ये कळलं. तेही पेरॉक्साइड विझवतं. शिवाय खवट झालेल्या चरबीवरही त्याचा हात चालतो, जे कॅटलेजला जमत नाही.

पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी एक मुद्दा लक्षात ठेवायला हवा. एसओडी सुपरऑक्साइडचं पाणी करत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. म्हणजे एक उपद्रवी घेऊन दुसरा हातात देतं. तो दुसरा पुढे कुणी घेतलाच नाही आणि आसपास मोकळं लोखंड असलं, तर त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. ही अभिक्रिया हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये नोंदवली होती. हायड्रॉक्सिल जन्मताच समोर येईल त्यावर तुटून पडतो, म्हणून त्याला पकडणारं एन्झाइमच शरीरात नाही. तो जन्मूच नये, हाच शरीराचा बंदोबस्त.

एखादं एन्झाइम मुळातच नसेल तर? दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच जपानमधल्या ओकायामात शिगेओ ताकाहारा हे कान-नाक-घशाचे सर्जन एका मुलीच्या तोंडातली जखम पेरॉक्साइडने धूत होते. फेस आला नाही, उलट रक्त काळपट पडलं. आधी त्यांना वाटलं, हातात भलतीच बाटली आली. बाटली बरोबर होती, मुलीच्या रक्तात कॅटलेज नव्हतं. अशा लोकांपैकी काहींच्या हिरड्या सडतात. बरेच जण मात्र धडधाकट जगतात, कारण बाकीची एन्झाइमं भार उचलतात.

पत्रावळ आणि ताट

आता क किंवा ई जीवनसत्त्वाचं. क जीवनसत्त्वाचा रेणू हावऱ्या रॅडिकलला आपला इलेक्ट्रॉन देऊन गप्प बसवतो, पण त्यात स्वतः खर्ची पडतो. पंगतीतली पत्रावळ म्हणा, एकदा जेवलं की काम संपलं. एन्झाइम म्हणजे घासून पुन्हा मांडायचं ताट. तेच ताट हजारो पंगतींना पुरतं.

पण ताट घासायलाही काही लागतं. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजच्या बाबतीत घासायचं काम ग्लुटाथायोन करतं. हेच ते पार्लरच्या सलाईनमधलं. तीन अमिनो आम्लांचा हा छोटा रेणू जवळपास प्रत्येक पेशी स्वतःच बनवते. तो वापरला गेला की पेशी साखरेतून मिळालेल्या बळावर त्याला पुन्हा ताजा करते. ही मागची साखळी तुटली की काय होतं, हे जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्यांत दिसतं. पारशी समाजात आणि काही आदिवासी जमातींत हे प्रमाण जास्त आढळतं. एरवी त्यांना कसलाच त्रास नसतो. मलेरियासाठी प्रायमाक्विन दिलं की तांबड्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा मारा होतो, ग्लुटाथायोन ताजं होत नाही, पेशी फुटतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळी होते. म्हणून गोळी देण्याआधी या कमतरतेची चौकशी करायची असते.

मग जास्त पत्रावळी आणल्या तर बिघडलं कुठे?

ही शंका रास्त आहे, आणि ती मोठ्या खर्चाने तपासून झाली आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना काही वर्षं बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा नुसतीच पोकळ गोळी दिली. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. कमी नाही, जास्त. अमेरिकेत १८,३१४ लोकांवरची अशीच चाचणी १९९६ मध्ये ठरल्या वेळेच्या २१ महिने आधी थांबवावी लागली, कारण तिथे वाढ २८ टक्के होती. पुढे ३५,५३३ पुरुषांवर ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमची चाचणी झाली. २०११ मध्ये कळलं की नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढला होता.

असं का झालं, याचं एकच एक उत्तर नाही. पण एक मोठा धागा असा की हे हावरे रेणू नुसते गुंड नव्हेत, ते शरीराच्या नोकरीतही आहेत. पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात त्या मुद्दाम सुपरऑक्साइडचा फवारा सोडूनच. जन्मतःच ज्या मुलांना हा फवारा सोडता येत नाही त्यांना पुन्हा पुन्हा गंभीर जंतुसंसर्ग होतात. थोडं पेरॉक्साइड पेशींमध्ये निरोप्याचं कामही करतं. २००९ मध्ये जर्मनीत सुमारे चाळीस तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. ज्यांनी सोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या, त्यांच्यात व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम सुधारायला हवा होता तो सुधारलाच नाही. व्यायामाने जो थोडा ताण येतो तोच स्नायूंना सुधारण्याचा निरोप देत होता, आणि गोळीने निरोप्याला दारातच अडवलं.

म्हणून "अँटिऑक्सिडंट घेऊ का?" हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. कुठला, शरीरात कुठे आणि केव्हा, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

थेट एन्झाइमच का टोचत नाहीत?

टोचून पाहिलं. बैलाच्या एसओडीपासून ऑर्गोटीन नावाचं औषध बनवलं होतं. घोडे-कुत्र्यांच्या सांधेदुखीवर ते वापरलं गेलं, युरोपात माणसांनाही दिलं गेलं. पण परक्या जनावराचं प्रथिन टोचलं की माणसाचं शरीर बिथरतं. ॲलर्जीच्या तक्रारी आल्या आणि औषध मागे पडलं. शिवाय रक्तात टोचलेलं एसओडी मूत्रपिंडं काही मिनिटांतच बाहेर टाकू लागतात, आणि आकाराने मोठं असल्याने ते पेशीच्या आतही शिरत नाही. इजा तर आत चाललेली.

तोंडाने घ्यावं, तर ते प्रथिन. जठराला अंडं काय नि एन्झाइम काय, दोन्ही सारखीच. पांढरे केस काळे करणाऱ्या कॅटलेजच्या गोळ्या ऑनलाइन विकतात त्या याच कारणाने आठवल्या. केसांच्या मुळाशी पेरॉक्साइड साचतं हे निरीक्षण खरं आहे. पण गोळीतलं कॅटलेज पोटात पचून जातं, टाळूपर्यंत पोचतंय कुठलं! अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये असे दावे करणाऱ्या कंपन्यांवर कारवाई केली.

गाभा ठेवायचा, डोलारा सोडायचा

एसओडीचं रेणूवजन सुमारे ३२,०००. पण खरं काम होतं ते गाभ्यातल्या धातूच्या एका अणूपाशी. तांबं किंवा मँगनीज तिथे बसून एका सुपरऑक्साइडकडून इलेक्ट्रॉन घेतं आणि दुसऱ्याला देतं. बाकीचा डोलारा त्या अणूला नीट धरून ठेवायला. मग रसायनशास्त्रज्ञांनी विचार केला की हा अणू कार्बन-नायट्रोजनच्या छोट्याशा कड्यात बसवला तर? अशा एका मँगनीजच्या रेणूचं वजन पाचशेच्याही आत भरतं. पोट त्याला अंड्यासारखं पचवत नाही, शरीर त्याला परकं प्रथिन म्हणून ओळखत नाही आणि आकार लहान म्हणून तो पेशीत शिरू शकतो.

मँगनीजच का? कारण कडं चुकून सुटलं आणि लोखंड किंवा तांबं मोकळं झालं तर फेंटनची ती घातक अभिक्रिया सुरू व्हायची. मँगनीज त्या बाबतीत सोज्वळ. निसर्गाने ही युक्ती आपल्या आधीच केली आहे. आंबवलेल्या भाज्यांत वाढणाऱ्या लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम या जंतूकडे एसओडी नाहीच. तो सरळ मँगनीज साठवून ठेवतो आणि त्यावर निभावतो. हे १९८१ मध्ये दाखवणाऱ्यांतही फ्रिडोविच होतेच.

नक्कल खरंच चालते का, याची सगळ्यात बोलकी चाचणी उंदरांवर झाली. मायटोकाँड्रियातलं एसओडी काढून टाकलेली पिल्लं जन्मल्यावर आठवड्याच्या आसपास मरतात. १९९८ मध्ये अशा पिल्लांना मँगनीजची एक नक्कल दिली, तर ती तीनेक आठवडे जगली, हृदय आणि यकृत सावरलं. पण मग त्यांच्या मेंदूत बिघाड दिसू लागला, कारण तो रेणू रक्तातून मेंदूत शिरू शकत नव्हता. औषध जिथे पोचलं तिथे वाचवलं, जिथे पोचलं नाही तिथे नाही.

ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजची नक्कल सेलेनियमवर उभी राहिली. एब्सेलेन हा रेणू १९२४ मध्येच बनवला होता. तो या एन्झाइमसारखं वागतो हे १९८४ मध्ये कळलं. जपानमध्ये पक्षाघातावर आणि पुढे अमेरिकेत मोठ्या आवाजाने येणाऱ्या बहिरेपणावर त्याची चाचणी झाली. अडचण अशी की ग्लुटाथायोन त्याला भलत्याच जागी चिकटत राहतं आणि ताट घासलंच जात नाही. हा गुंता सोडवण्यात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गोविंदसामी मुगेश यांच्या गटाचं मोठं काम आहे. मुगेश पीएचडीला होते पवईच्या आयआयटीत, हरकेश सिंग यांच्याकडे, तेही सेलेनियमच्याच रसायनावर. २०१९ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. ट्रॉम्ब्यालाही भाभा अणुसंशोधन केंद्रात इंदिरा प्रियदर्शिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेलेनियमचा असाच एक साधा रेणू घेऊन किरणोत्सर्गापासून उंदरांची फुप्फुसं वाचवता येतात का, याचा बरीच वर्षं अभ्यास केला आहे.

आणि नॅनोझाइमं. धातूच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण किंवा तारा स्वतःच एन्झाइमसारखं काम करतात. मुगेश यांच्याच गटाने २०१४ मध्ये व्हॅनेडियम ऑक्साइडच्या नॅनोतारा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजचं काम करतात हे दाखवलं. एरवी व्हॅनेडियम पेशींना बाधतं. हे कण शरीरात किती काळ साचून राहतात, यकृत-प्लीहेचं काय होतं, हे प्रश्न मोठे आहेत. प्रयोगशाळेतल्या बशीत वाचलेली पेशी आणि दवाखान्यात वाचलेला माणूस यांत फार अंतर असतं. बातम्यांच्या मथळ्यांत ते अंतर नेमकं गळून पडतं.

मग आवळा, हळद, लिंबू सोडायचं?

अजिबात नाही. फळं-भाज्या खाणाऱ्यांची प्रकृती बरी राहते हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. त्यांतला एक रेणू वेगळा काढून गोळीत भरला की तोच गुण येईल, असं धरून चाललो. भाजीतल्या काही रसायनांचं काम तर उलट वाटेने होतं. कोबी-मोहरीच्या कुळातली तिखट रसायनं पेशीला जराशी टोचणी देतात आणि पेशी स्वतःच्या बचावाच्या एन्झाइमांचे जनुक जागे करते. घंटा वाजवून पहारेकऱ्याला उठवण्यासारखं. याच वाटेने जाणारं एक औषध फ्रीडरिक अटॅक्सिया या दुर्मीळ आजारावर अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं.

आणि सलाईन?

बहिणीला शेवटी हे सांगितलं. शिरेतून दिलेलं ग्लुटाथायोन रक्तात फार वेळ टिकत नाही, आणि पेशी ते सबंध उचलत नाहीत, मोडून तुकडे घेतात. गोरं होण्यासाठी शिरेतून ग्लुटाथायोन घेऊ नका, असं फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने लोकांना बजावलं आहे. त्वचेवरच्या गंभीर प्रतिक्रिया, थायरॉइड आणि मूत्रपिंडांचे त्रास यांचा त्यात उल्लेख आहे. आणि पार्लरमध्ये शिरेत सुई कोण टोचतंय, हा प्रश्न मी वेगळा विचारला.

याच ग्लुटाथायोनची गोष्ट योग्य जागी आणि योग्य वेळी कशी जीव वाचवते तेही तिला सांगितलं. कुणी पॅरासिटामॉलच्या खूप गोळ्या एकदम घेतल्या तर यकृतातलं ग्लुटाथायोन संपतं आणि यकृत मरू लागतं. तेव्हा एन-ॲसिटिलसिस्टीन देतात. तो ग्लुटाथायोनचा कच्चा माल. वेळेत दिला तर माणूस वाचतो. हे औषध साध्या-साध्या इस्पितळांतसुद्धा असतं, आणि त्याच्या बाटलीवर कुणी सोनेरी अक्षरांत अँटिऑक्सिडंट लिहीत नाही.

कर्करोगाच्या पेशीही वाचतील, त्याचं काय?

सगळ्यात अवघड आक्षेप हाच. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण अमाप. अनेकांना सहा-सात आठवडे रेडिएशन घ्यावं लागतं. किरणं पेशीतल्या पाण्याची फोड करतात, पाठोपाठ सुपरऑक्साइडचा लोंढा येतो आणि तोंडाचं आतलं अस्तर सोलून निघतं. आमच्या ओळखीतल्या एका काकांना मी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाहिलं होतं. काकू ताक गाळून, मीठ न घालता चमच्याने देत होत्या, आणि काका प्रत्येक घोटाआधी डोळे मिटून घेत. पुढे नाकातून नळी घातली. या व्रणांमुळे काहींचं रेडिएशन मधेच थांबवावं लागतं, आणि खंड पडला की कर्करोगाचं फावतं.

मग अँटिऑक्सिडंट द्यावं? कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांना हेच देऊन पाहिलं होतं, ई जीवनसत्त्व. २००५ मध्ये निकाल आले. ते घेणाऱ्यांत गोळ्या चालू असतानाच्या काळात नवे कर्करोग जास्त निघाले. म्हणूनच रेडिएशन चालू असताना मनाने जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा घेऊ नका, असं डॉक्टर सांगतात.

एन्झाइमाच्या नकलेचा तर्क इथे वेगळा पडतो, आणि मघाचा तो एसओडीचा "दोष" इथे कामी येतो. नक्कल सुपरऑक्साइड संपवते, पण पेरॉक्साइड तयार करते. निरोगी पेशीत कॅटलेज आणि मंडळी तयार असतात, त्या ते पचवतात. कर्करोगाच्या पेशी पेरॉक्साइडच्या बाबतीत आधीच काठावर असतात, त्यांना ते जड जातं. म्हणजे अस्तर वाचेल आणि गाठीला आणखी त्रास होईल, अशी कल्पना.

अवासोपासेम हा मँगनीजच्या कड्याचा रेणू याच आशेने रुग्णांवर तपासला. ४५५ रुग्णांवरच्या शेवटच्या टप्प्याच्या चाचणीत, ज्यांना तो रेडिएशनच्या आधी शिरेतून दिला त्यांच्यापैकी ५४ टक्क्यांना तोंडाचे तीव्र व्रण झाले. नुसतं सलाईन मिळालेल्यांत ६४ टक्के. तीव्र व्रण किती दिवस राहिले त्याचा मध्यांक, म्हणजे दिवसांच्या क्रमाने रांग लावली तर मधल्या रुग्णाचा आकडा, आठ दिवस विरुद्ध अठरा दिवस. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध प्रशासनाने, मंजुरी नाकारली. पुरावा पुरेसा पटणारा नाही, आणखी एक चाचणी करा, असं त्यांचं म्हणणं. आकडेशास्त्राच्या दृष्टीने ते चुकीचं म्हणता येत नाही, दहा टक्क्यांचा फरक जेमतेमच कसोटीला उतरला होता. पण काकूंच्या हातातला तो चमचा आठवला की आठ आणि अठरा यांच्यातले दहा दिवस मला टक्केवारीपेक्षा मोठे वाटतात. काकांची नळी निघाली त्या दिवशी त्यांनी पाटी-पेन्सिल मागवली होती. बोलवत नव्हतं. पाटीवर लिहिलं, "मऊ भात. तूप."